डावी भुवई

आई कधी मागे येऊन उभी राहिली, ते राजसला कळलंच नाही. रविवारची दुपार होती. कूलर घरघरत होता आणि मे महिन्याच्या उन्हात सगळं रामनगर दारं लावून पडलं होतं. ती कूलरमध्ये पाणी टाकायला आली असणार, कारण तिच्या हातात रिकामी बादली होती. पडद्यावरच्या चेहऱ्याकडे बघत ती म्हणाली, "श्रीधर." ती हाक नव्हती, प्रश्नही नव्हता. तांदूळ निवडताना खडा सापडावा आणि तो नुसता बाजूला ठेवावा, तशी ती म्हणाली. राजसचा हात माउसवर होता, तिथेच राहिला. थोरल्या भावानं घर सोडल्यापासून नऊ वर्षांत या घरात हे नाव कोणी मोठ्यानं घेतलं नव्हतं. बाबांनी घेऊ नका असं कधी सांगितलं नव्हतं, पण ते जेवायला बसले असताना एकदा आईच्या तोंडून गेलं आणि ते ताटावरून उठले, तेवढं पुरलं होतं.

तो गेम आहे, असं राजसनं सांगितलं. असाच कुठलाही चेहरा आहे, उद्या बदलेल. आईनं बादली खाली ठेवली, भिंतीशी असलेली प्लॅस्टिकची खुर्ची ओढली आणि ती त्याच्या शेजारी बसली. तिच्या लुगड्याला ओल्या वाळ्याचा वास येत होता. नाक एवढं मोठं नव्हतं त्याचं, ती म्हणाली. हे कमी होते का? होतं, राजस म्हणाला, आणि त्यानं पट्टी डावीकडे सरकवली. नाक बारीक झालं. दुसरं काही त्याला सुचलंच नाही. आईला नाही म्हणणं त्याला जमत नसे. खरं तर कोणालाच नाही म्हणणं त्याला जमत नसे. तो हो म्हणायचा आणि मग ते काम करायचाच नाही, एवढी एक युक्ती त्याला लहानपणापासून साधली होती.

गेममधला हा चेहराही त्यानं असाच हो म्हणून ओढवून घेतला होता. कॉलेजच्या ऑफिसातून संध्याकाळी घरी आलं की चार-पाच जणांच्या एका टोळीत तो खेळायचा. कोणी इंदूरचा, कोणी कोल्हापूरचा, एकमेकांना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. राजस नेहमी धनुर्धर असायचा. सगळ्यांच्या मागे उभं राहायचं, लांबून बाण सोडायचे, आपल्यापर्यंत कोणी पोचत नाही. पण यंदा गेममध्ये 'प्रहरी' नावाचा नवा वर्ग आला होता. प्रहरीनं सगळ्यांत पुढे उभं राहायचं असतं. येणारा प्रत्येक घाव त्यानं आपल्या अंगावर घ्यायचा, मागचे वाचले पाहिजेत. असला माणूस टोळीत कोणालाच व्हायचं नव्हतं, म्हणून सगळ्यांनी राजसला सांगितलं आणि राजस हो म्हणाला. तर आता पडद्यावर तो प्रहरी घडत होता. जबडा, गाल, कपाळ, नाकाचं हाड, डोळ्यांतलं अंतर, वय, प्रत्येकाला एक पट्टी. तासाभरापासून तो त्या पट्ट्या मागेपुढे करत होता आणि त्याच्या मते तो कोणालाच घडवत नव्हता. मग हा कुठून आला? मन गप्प राहतं, पण बोटं राहत नाहीत की काय, असं त्याला वाटलं आणि मानेमागून घामाची एक रेघ शर्टात उतरली.

"आता अडतीसचा झाला असन," आई म्हणाली. "वयाचं आहे का त्यात काही?"

होतं. राजसनं ती पट्टी सरकवली तशा डोळ्यांखाली सुरकुत्या आल्या आणि गाल जरा उतरले. आई पुढे वाकून बघत राहिली. केस भरपूर ठेव, ती म्हणाली, तुह्या बाबासारखे होते त्याचे. राजसनं भरपूर केस दिले. देताना त्याला ठाऊक होतं की हे चूक आहे. श्रीधरचे केस आता कपाळावरून पार मागे गेले होते, आणि कानांजवळ जे उरले होते ते पांढरे होत आले होते. आवाजाचे तीन-चार प्रकार होते, तेही तिनं ऐकले. एक गुरगुरायचा, एक हसायचा, एक लढाईची आरोळी द्यायचा. तिनं मान हलवली. आवाज नको, ती म्हणाली.

त्यानंतर ती रोज यायला लागली. राजस ऑफिसातून आला, हातपाय धुतले, की ती खुर्ची घेऊन हजर. नाव घ्यायची नाही, नुसतं 'त्याले काढ' म्हणायची. टोळीतले विचारत होते की प्रहरी कधी तयार होतो, आपण अडून बसलोय. राजस त्यांना उद्या, परवा असं सांगत होता. आई हनुवटीवर एक पूर्ण संध्याकाळ घालवायची. मधेच ती काहीबाही सांगू लागायची, जे तिनं नऊ वर्षं गिळून ठेवलं होतं. श्रीधरला कारल्याची भाजी आवडायची, घरात एकट्यालाच. शाळेत नाटकात त्यानं म्हातारा केला होता आणि बाबा पहिल्या रांगेत बसून सगळ्यांत जास्त हसले होते. हेडमास्तर माणूस, कधी न हसणारा. राजस ऐकायचा आणि पट्ट्या सरकवायचा. कधी कधी त्याला वाटायचं, आईच्या आवाजात इतका जीव आपण आधी ऐकलाच नव्हता. कधी वाटायचं, आपण पट्ट्या नाही सरकवत आहोत, दार धरून उभे आहोत. दाराच्या एका बाजूला ही, दुसऱ्या बाजूला तो, आणि दोघांना वाटतंय की मधे भिंत आहे.

कारण राजस श्रीधरला भेटला होता. बाबा जायच्या वर्षभर आधी, नागपूरला, विद्यापीठाच्या कामानं गेला असताना. सीताबर्डीवरून चालत होता तर एका चष्म्याच्या दुकानाच्या पायरीवरून कोणीतरी "राज्या" म्हणालं. असं त्याला जगात एकच माणूस म्हणायचा. श्रीधर त्या दुकानात कामाला होता. दोघं शेजारच्या टपरीवर चहा प्यायले. श्रीधरची डावी भुवई मधून चिरलेली होती. स्कूटरवरून पडला होता, घर सोडल्यानंतर, आणि तिथे पुन्हा केस आले नव्हते. बोलता बोलता तो बोटानं ती चीर चोळायचा. मंजुषा बरी आहे, म्हणाला. मंजुषा म्हणजे ती, जिच्यावरून सगळं झालं. विधवा, पदरात मुलगी, वयानं श्रीधरपेक्षा मोठी. शाळेत दर पंधरा ऑगस्टला सुधारणेवर भाषण करणाऱ्या बाबांनी तिला उंबरठ्याच्या आत येऊ दिलं नव्हतं. मुलगी तेव्हा दहावीला होती आणि श्रीधरला बाबा म्हणायची. हे सांगताना त्याचा चेहरा असा काही झाला होता की राजसनं पेल्यात बघितलं होतं. निघताना श्रीधरनं आपला नंबर दिला आणि एवढंच म्हणाला की बाबाले सांगू नको, त्याईले त्रास होईन, पण काही झालं तं मले कळवजो. राजस हो म्हणाला होता.

मग बाबा आजारी पडले. शेवटच्या दोन-तीन महिन्यांत त्यांना माणसं नीट ओळखू येईनात. राजस त्यांना उठवायचा, बसवायचा, दाढी करून द्यायचा, आणि ते त्याच्या हाताला धरून म्हणायचे, श्रीधर, पाणी दे. श्रीधर, खिडकी लाव. ज्याचं नाव त्यांनी ताटावरून उठून घराबाहेर घालवलं होतं, तो त्यांच्या तोंडून रोज घरात येत होता, आणि जो घरात होता त्याला नाव उरलं नव्हतं. राजस पाणी द्यायचा, खिडकी लावायचा. मी राजस, असं त्यानं एकदाही सांगितलं नाही. सांगायला हवं होतं असं नाही, पण आत कुठेतरी काहीतरी घट्ट होत गेलं, दुधावर साय धरावी तसं, हळूहळू आणि आवाज न करता. माघातल्या एका सकाळी बाबा गेले. आईनं पहिल्यांदा काय विचारलं असेल तर हेच, की श्रीधरले कसं कळवाव? फोन राजसच्या खिशात होता. "त्याचा पत्ता कोणाकडेच नाही," तो म्हणाला. अग्नी द्यायला अजून अर्धा दिवस होता, नागपूरहून माणूस यायला दोन तास पुष्कळ झाले असते. पण थोरला आला असता तर अग्नी थोरल्यानं दिला असता. इतकंच होतं, याहून मोठं काही नव्हतं. राजसला ते मडकं आपल्या खांद्यावर हवं होतं. एकदा तरी लोकांनी बघावं की वासुदेवरावांचा मुलगा हा आहे. त्यानं अग्नी दिला, आणि ज्वाळा उठल्या तेव्हा धुरामुळे असो की कशामुळे, त्याला काहीच वाटलं नाही.

तेरवी झाली की कळवू, असं त्यानं ठरवलं होतं. तेरवी झाली. मग मासिक झालं की कळवू. मग इतके दिवस का नाही सांगितलं याचं उत्तर तयार झालं की कळवू. नागपूर काही लांब नाही, कोणीतरी नातेवाईक सांगेलच, अशी त्याला आधी भीती वाटायची. नंतर नंतर ती आशा झाली. पण नातेवाइकांनी श्रीधरशी संबंध तोडले होते ते तोडलेच होते, आणि श्रीधरही हट्टी. दिवाळीला त्याचा मेसेज आला, सगळ्यांना शुभेच्छा, बाबा कसे आहेत? राजस बराच वेळ त्या प्रश्नाकडे बघत बसला होता. बाहेर पोरं फटाके फोडत होती आणि आतल्या खोलीत हार घातलेला फोटो होता. त्यानं लिहिलं, बरे आहेत. लिहिताना बोट अडखळलं नाही, काही नाही. पाठवल्यावर त्याला आठवतं, त्यानं चिवड्याचा बोकणा भरला होता आणि तो चांगला लागला होता.

आता पुढचा रविवार आला. आई बराच वेळ चेहऱ्याकडे बघत बसली होती आणि शेवटी म्हणाली की हा त्याच्यासारखा आहे, पण तो नाई. काहीतरी राह्यलं. काय राहिलं ते तिला सांगता येईना. ती चहा ठेवायला उठली. राजस एकटाच त्या चेहऱ्यासमोर राहिला. चेहरा संथ श्वास घेत होता, मधूनच डोळ्यांची उघडझाप करत होता, जसा तो गेममध्ये सगळ्यांचाच करतो. राजसनं शेवटचा भाग उघडला. त्यात व्रण होते, शोभेचे. गालावरचे, ओठावरचे, नाकावरून आडवे गेलेले, हवा तो घ्या. लढवय्या माणसाला बरे दिसतात म्हणून ठेवलेले. न पडता, न रक्त येता मिळणारे. डाव्या भुवईवरची एक बारीक चीर होती. त्यानं ती लावली. पट्टीनं केस मागे सारले, अगदी टपरीवर दिसले होते तिथपर्यंत. कानांजवळ पांढरे. आणि एकदम, तो कोणीतरी जो आठवडाभर नुसता होत होता, तो झाला. श्रीधर त्याच्याकडे बघत होता. काही झालं तं मले कळवजो, असं म्हणून झाल्यानंतरच्या क्षणाला जसा बघत होता, तसा. राजसला ते पुसून टाकायचं होतं. त्याला नक्की तेच करायचं होतं, माउसचा बाण पुसायच्या खुणेपाशी गेलाही होता. पण चांगला करायला घेतलेला चेहरा आपल्या हातानं मोडायला त्याचं मन धजेना, आणि तेवढ्यात आई कपबशा घेऊन आली.

"हो," ती म्हणाली. "हाच." तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. इतका की राजसला वाटलं, निभावलं. तिनं कपबशा टेबलावर ठेवल्या आणि पदरानं हात पुसत ती जवळ आली. मग तिनं बोट वर केलं, पण काचेला लावलं नाही.

"हे त्याले नव्हतं."

व्रण आहे, राजस म्हणाला. गेममधलं आहे, नुसती शोभा, काढून टाकतो. आपला आवाज त्याला दुसऱ्या कोणाचा तरी वाटला. ती चेहऱ्याकडे बघत नव्हती आता, त्याच्याकडे बघत होती, त्याच्या माउसवरच्या हाताकडे, आणि काढून टाकतो म्हणाला तरी तो हात हलला नव्हता. कूलरचं पाणी संपत आलं होतं. आत पंप कोरडा खरखरत होता.

"राहू दे," ती म्हणाली. "कधी भेटला तुले?"

राजसनं सांगितलं. टपरी, चष्म्याचं दुकान, मंजुषा, दहावीतली पोरगी, नंबर. तो पडद्याकडे बघून सांगत होता, त्यामुळे ऐकणारे दोघं आहेत असं त्याला वाटत राहिलं. पोरीचं नाव काय, एवढंच आईनं मधे विचारलं, आणि समीक्षा म्हटल्यावर ते नाव तिनं ओठांत एकदा म्हणून पाहिलं. मग ती खुर्चीत बसली, सावकाश, गुडघ्यांवर हात टेकून. राजसला वाटलं आता ती रडेल, आणि रडली तर किती बरं होईल असंही वाटलं. पण ती दुसरीकडेच पोचली होती.

"बाबाचं सांगतलं त्याले?"

राजसनं माउस बाजूला सारला. तिनं पुन्हा विचारलं नाही. काही वेळानं तिनं हात पुढे केला. राजसला आधी कळेना, मग त्यानं फोन उघडून, नंबर काढून तिच्या हातात दिला. तिनं तो कानाला लावला नाही. हिरव्या खुणेवर बोट दाबलं आणि फोन त्यालाच परत दिला.

"तू सांग," ती म्हणाली.

दोन रिंगा झाल्या नाहीत तो श्रीधरनं उचलला. मागे दुकानातली गडबड ऐकू येत होती. राज्या, तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात इतका आनंद होता की राजसला फोन कानापासून लांब धरावासा वाटला. बाबा बरे आहेत ना, असं त्यानंच विचारलं. दिवाळीला विचारलं होतं तसंच. राजसनं तोंड उघडलं आणि त्याला वाटलं होतं की शब्द अडतील, पण ते अडले नाहीत, सरळ आले. बाबा गेले. कधी? माघात. हा माघ का? नाही, मागचा. पलीकडे दुकानाची गडबड कमी कमी होत गेली. श्रीधर चालत बाहेर आला असावा, कारण आता गाड्यांचे भोंगे ऐकू येत होते. बराच वेळ नुसते भोंगे.

"अग्नी कोणं देल्ला?"

"मी."

"बरं केलं," श्रीधर म्हणाला. आणि मग तो म्हणाला, "मंग दिवाळीले तू मले..." ते वाक्य त्यानं पुरं केलं नाही.

"हो," राजस म्हणाला.

श्रीधर चिडला असता, शिव्या घातल्या असत्या, तर राजसच्या काहीतरी हाती लागलं असतं. तो म्हणाला, आईले दे. आई फोन घेऊन आतल्या खोलीत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं. या घरात दारं कधी लोटली जात नसत. राजस बाहेर उभा राहिला. आतून आईचं रडणं ऐकू आलं, जे बाबा गेले तेव्हाही त्यानं ऐकलं नव्हतं. चहा टेबलावर निवला, त्यावर साय धरली.

ती बाहेर आली तेव्हा डोळे पुसलेले होते आणि बोलणं कामाचं होतं. श्रीधर घरी जाऊन आंघोळ करणार होता. उद्या डोकं करणार होता, केस उतरवून. त्याला आज कळलं, तर त्याचे सुतकाचे दहा दिवस आजपासून. असं असते, ती म्हणाली, आईबापाचं कधीही कळलं तरी. ती उद्या सकाळच्या गाडीनं जाणार होती. कपाटातून तिनं दोन साध्या साड्या काढल्या, बाबांच्या उपरण्याची घडी काढली, त्यांचा लहान फोटो वर्तमानपत्रात गुंडाळला. राजस मागे मागे फिरत होता. मी पण येतो, तो म्हणाला. ऑफिसात सुट्टी टाकतो. मलाही त्याच्याजवळ बसू दे.

आईनं घडी पिशवीत ठेवली आणि मग त्याच्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता. त्याला वाटलं, तिला राग यायला अजून वेळ मिळाला नाही.

"तुह्ये दिवस झाले," ती म्हणाली. "हे त्याचे हायेत."

सकाळी वर्धा स्टेशनवर गर्दी होती. तिला खिडकीशी जागा मिळाली. राजसनं पाण्याची बाटली आत दिली, पिशवी वरच्या फळीवर ठेवून खाली उतरला आणि खिडकीच्या गजाला धरून उभा राहिला. फ्रिजात वरण आहे, कूलरमध्ये रोज पाणी टाकजो, मागचं दार उघडं ठेवू नको, असं ती सांगत होती, आणि तो हो हो म्हणत होता. मी कधी येऊ, हे त्याला विचारायचं होतं. गाडीनं धक्का दिला तेव्हा ते त्याच्या तोंडून निघालं.

"त्यानं बोलावलं तं येजो," आई म्हणाली. गाडी हलली, गज हातातून सुटला.

फलाट रिकामा होईपर्यंत तो तिथे होता. मग खिशात हात घातला आणि लक्षात आलं, फोन घरीच राहिला आहे, चार्जिंगला, टेबलावर. काही नाही, तो स्वतःशी म्हणाला, आईनं अजून सेवाग्रामही ओलांडलं नसेल. इतक्यात कोण कशाला बोलावतंय. पण पाय आपोआप जोरात पडायला लागले. जिन्यावरून तो लोकांना चुकवत उतरला. आत्ता फोन वाजत असेल, बंद खोलीत, एकदा वाजून थांबला असेल, आणि पलीकडे श्रीधर डोकं करून बसलेला, दुसऱ्यांदा लावावा की नाही असा विचार करत. बाहेर त्यानं समोर आला तो ऑटो धरला आणि रामनगर म्हणाला. भाव विचारला नाही. लवकर घ्या, म्हणाला. थोडं पुढे गेल्यावर पुन्हा म्हणाला, लवकर घ्या ना भाऊ.

ऑटोवाल्यानं आरशातून त्याच्याकडे पाहिलं. पिकल्या मिशांचा माणूस होता.

"घरी काई झालं का?"

"वडील गेले," राजस म्हणाला.

ऑटोवाल्यानं हॉर्नवर हात ठेवला तो ठेवलाच, आणि समोरच्या गाड्या बाजूला व्हायला लागल्या.